सीईए वाढला म्हणजे नक्की काय वाढलं?

रामबागेत राहणारे आमचे काका, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, आता दर तीन महिन्यांनी सकाळी रक्त द्यायचं आणि संध्याकाळी लॅबवाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकतो. मागच्या वेळी सीईए, म्हणजे कॅन्सर परत येतोय का हे बघायला रक्तात मोजतात तो पदार्थ, ६.२ आला, शेजारी नॉर्मल ५ पर्यंत असं छापलेलं आणि आकडा ठळक काळा. झालं, त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही, काकू म्हणाल्या परत उगवलं वाटतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "काका, सिगरेट सुटली ना?" काका खिडकीबाहेर बघायला लागले.

आता कॅन्सरच्या टेस्टमध्ये सिगरेट कुठून आली, हे कळायला जरा मागं जावं लागतं.

मूळ प्रश्न जुना आहे. जंतूला जसं शरीर परका म्हणून ओळखतं तशी कॅन्सरच्या पेशीवर काही खूण असते का? पॉल एहर्लिख यांनी १९०९ मध्येच म्हटलं होतं की शरीर अशा बिघडलेल्या पेशी सतत निपटत असणार. मग लोकांनी एका उंदराची गाठ दुसऱ्यात लावून बघितली, ती थोडे दिवस वाढायची आणि विरघळून जायची, सगळे खूश, की सापडली लस! पण ते उंदीर एकमेकांचे कुणीच नव्हते हो. परक्याची साधी कातडीसुद्धा शरीर टिकू देत नाही, किडनी मॅच करावी लागते ती त्याचसाठी, म्हणजे गाठ गेली ती कॅन्सर होती म्हणून नाही, दुसऱ्याची होती म्हणून. कितीतरी वर्षं यात गेली. पुढे पिढ्यान् पिढ्या आपसात प्रजनन करून जवळजवळ जुळ्यांसारखे उंदीर तयार झाले तेव्हा कुठे १९५७ मध्ये रिचमंड प्रेन आणि जोन मेन यांना नीट प्रयोग करता आला. त्यांनी रसायन देऊन गाठी केल्या. एकदा गाठ काढून टाकलेला उंदीर तीच गाठ परत लावली तर हाकलून द्यायचा, पण त्याच रसायनानं दुसऱ्या उंदरात झालेली गाठ लावली की ती बिनधास्त वाढायची. म्हणजे खूण आहे, पण प्रत्येक गाठीची आपली वेगळी. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

काकांच्या रिपोर्टातला सीईए आला १९६५ मध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांची युक्ती मला फार आवडते. आतड्याच्या कॅन्सरचा तुकडा आणि त्याच पेशंटच्या आतड्याचा चांगला तुकडा, दोन्ही घेतले, म्हणजे माणसामाणसातल्या फरकाची कटकटच नको. गाठीचा अर्क सशांना टोचला, सशांनी त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या, मग ते सीरम, म्हणजे सशांच्या रक्तातलं अँटिबॉडीवालं पाणी, चांगल्या आतड्यात मिसळलं, जे जे दोघांत सारखं होतं त्याला चिकटून त्या अँटिबॉडी निघून गेल्या, आणि उरल्या त्या फक्त गाठीलाच धरणाऱ्या. वाटलं, मिळाली खूण! पण शोधता शोधता तोच पदार्थ पोटातल्या बाळाच्या आतड्यातही सापडला. गर्भात असताना आपण सगळेच तो भरपूर बनवतो, जन्माच्या सुमारास ते बरंचसं बंद होतं आणि कॅन्सरची पेशी ते दुकान परत उघडते. म्हणून नाव कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटिजेन, थोडक्यात सीईए; अँटिजेन म्हणजे अँटिबॉडी जिला धरते ती खूण. यकृताच्या कॅन्सरसाठी बघतात त्या एएफपीचीही तीच कथा, तोही गर्भातलाच.

१९६९ मध्ये सीईए रक्तात मोजता यायला लागला आणि थोडे दिवस वाटलं की आता एका थेंबात कॅन्सर पकडू. नाही जमलं. सिगरेट पिणारे, लिव्हर बिघडलेले, आतड्याला सूज असलेले, यांच्यातही तो थोडा वर असतो, आणि लहान गाठीत कित्येकदा वाढतच नाही. म्हणून ज्याला काही झालेलंच नाही त्यानं हेल्थ पॅकेजमध्ये सीईए करून घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही, उगाच झोप उडते. ऑपरेशननंतर मात्र तो कामाचा, एका आकड्यापेक्षा तो चढत चाललाय का ते बघायचं.

पुढची गोष्टही अशीच, आपलीच वस्तू चुकीच्या जागी किंवा नको तेवढी. ब्रेस्ट कॅन्सरच्या रिपोर्टात 'हर-टू' नावाचं प्रोटीन बघतात ना, ते निरोगी पेशीवरही असतं, पण डेनिस स्लॅमन यांच्या टीमनं १९८७ मध्ये दाखवलं की काही गाठींमध्ये त्याच्या जीनच्या जादा कॉपी असतात, आणि अशा पेशंटचा आजार जास्त आक्रमक असतो. पेशीला 'वाढ, वाढ' सांगणारी बेल सतत वाजते. एकसारख्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवायची पद्धत कोहलर-मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्येच दिली होती, त्यावरून १९९८ मध्ये हर-टूलाच धरणारं औषध ट्रास्टुझुमॅब आलं. सीडी-१९ ही खूण तर प्रत्येक बी पेशीवर असते, बी पेशी म्हणजे रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली आपली कार-टी थेरपी, म्हणजे पेशंटच्याच लढणाऱ्या पेशी बदलून परत द्यायची पद्धत, त्याच सीडी-१९ वर नेम धरते, त्यात चांगल्या बी पेशीही मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस सांभाळता येतो म्हणून चालतं.

खरोखर नवी वस्तू सापडली ती ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारात, सीएमएलमध्ये. १९६० मध्ये फिलाडेल्फियात एक खुजं गुणसूत्र दिसलं, १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीये. त्यातून बनणारं जोड-प्रोटीन निरोगी पेशीत नसतंच. पण ते पेशीच्या आत, अँटिबॉडी तिथं पोचत नाही, म्हणून गोळी लागली, इमॅटिनिब, २००१. त्याच्याच पेटंटवरून २०१३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल गाजला होता.

आणि उंदरांची ती गोष्ट? प्रत्येक गाठीच्या जीनमध्ये तिचे स्वतःचे बिघाड असतात, त्यातून बदललेल्या प्रोटीनचे तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडते, यांना आता निओअँटिजेन म्हणतात. २०१७ मध्ये दोन टीमनी मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, मोजक्या पेशंटसाठी, प्रत्येकाच्या गाठीचे जीन वाचून, ज्याची त्याची वेगळी लस बनवून दिली. प्रेन आणि मेन यांच्या उंदरांनंतर बरोबर ६० वर्षांनी.

काकांचा सीईए महिन्याभरानं परत केला, ४.४. गॅलरीतली सिगरेट बंद झालीये असं ते सांगतात, काकू काही बोलत नाहीत. पुढची टेस्ट शनिवारी आहे, सीईएला उपाशी पोट लागत नाही हे कळल्यापासून ते पोहे-जिलेबी खाऊनच जाणार म्हणून बसलेत.