मॅकेन्नाज गोल्ड

मॅकेन्नाज गोल्ड हा १९६९ चा अमेरिकन वेस्टर्न सिनेमा. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन, पटकथा कार्ल फोरमनची, आणि फोरमन व संगीतकार दिमित्री त्योमकिन हे दोघे निर्माते. म्हणजे १९६१ च्या 'गन्स ऑफ नॅव्हरोन'वालीच मंडळी, वर ग्रेगरी पेक आणि अँथनी क्वेलही तिकडूनच आलेले. शिवाय ओमर शरीफ, टेली सव्हालास, एडवर्ड जी. रॉबिन्सन, ली जे. कॉब, ईलाय वॉलक, ज्यूली न्यूमार. संगीत क्विन्सी जोन्सचं, गिधाडावरचं गाणं होजे फेलिसियानोच्या आवाजात. एवढं सगळं असून अमेरिकेत सिनेमा पडला. गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना पाठच आहे (सोन्याच्या दरीचा नकाशा मार्शल मॅकेन्ना, म्हणजे पेक, पाहून जाळून टाकतो, मग कोलोरॅडो नावाचा दरोडेखोर, म्हणजे शरीफ, त्याला पळवून वाट दाखवायला लावतो), त्यामुळे ती इथे सविस्तर सांगत नाही.

दंतकथेचं मूळ: सिनेमा विल हेन्रीच्या १९६३ च्या कादंबरीवर आहे, पण तिच्याही मागे 'लॉस्ट अ‍ॅडम्स डिगिंग्ज' ही नैर्ऋत्य अमेरिकेतली जुनी दंतकथा आहे. मालगाड्या हाकणारा कुणी अ‍ॅडम्स, साधारण १८६४ च्या सुमाराला, एका वाटाड्याबरोबर नागमोडी दरीत पोचतो, सोबतचे लोक सोनं काढायला लागतात, मग अपाची (तिथली मूळ रहिवासी जमात) हल्ला करतात आणि एखाददुसराच जिवंत सुटतो. लोककथांचा अभ्यासक जे. फ्रँक डोबीने १९३९ मध्ये या कथेची रूपं गोळा केली. ही दरी न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात असावी असं बहुतेक जण धरतात, काही जण ॲरिझोनाकडे ओढतात. कथेतले रस्ते बघता पहिलं मत जास्त पटतं. सिनेमातला म्हातारा अ‍ॅडम्स (रॉबिन्सन) अपाचींनी आंधळा केलेला दाखवलाय, दंतकथेतला अ‍ॅडम्स मात्र नंतर वर्षानुवर्षं तीच दरी शोधत हिंडला, आंधळ्याला ते कसं जमणार, तेव्हा ही भर नंतरचीच.

सावलीचा दगड: ज्या सुळक्याची सावली दरीची वाट दाखवते तो खरा आहे, ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे मधला स्पायडर रॉक, उंची सुमारे ८०० फूट. जागा नावाहो या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीची आणि त्यांना पवित्र, स्पायडर वुमन ही त्यांची देवता तिथे वर राहते असं ते मानतात. सिनेमात मात्र सगळं अपाचींच्या नावावर. आता गंमत अशी की सिनेमात सूर्य वर चढतो तशी ही सावली लांब लांब होत जाते. शाळेच्या मैदानात काठी रोवून बघितलेल्या कुणालाही कळेल की ती आखडायला हवी.

का फसला: चित्रण सुपर पॅनाव्हिजन ७० या रुंद फिल्मवर, आणि इंटरव्हलसकट जवळजवळ तीन तासांचा रोडशो (आधी मोजक्या मोठ्या थिएटरांत दाखवायचा खास खेळ) करायचा बेत होता असं दिसतं, पण शेवटी १२८ मिनिटं उरली. यात सगळ्यात जास्त मार सोन्याच्या मागे निघालेल्या 'हेडलीबर्गच्या सभ्य गृहस्थां'ना बसला. निवेदक एकेकाची ओळख करून देतो, संपादक, पाद्री, दुकानदार, इंग्रज, सगळे नावाजलेले नट, आणि थोड्याच वेळात घोडदळाच्या गोळीबारात त्यांतले बहुतेक खलास. खऱ्या डोंगरांच्या शॉटला लागून स्टुडिओतला पडदा येतो तो तर लहान मुलालाही कळतो. काही जण दोष थॉम्पसनला देतात, पण निवेदनाने गोष्ट पुढे ढकलायची ही खोड पटकथेतलीच वाटते, आणि ती लिहिणारा फोरमन 'हाय नून' या गाजलेल्या वेस्टर्नचा लेखक होता हे जास्त खटकतं.

शूटिंग चालू असताना फोरमनने काही विद्यार्थ्यांना लोकेशनवर छोट्या फिल्म करायला बोलावलं होतं, त्यांत जॉर्ज लुकस (पुढे 'स्टार वॉर्स'चा दिग्दर्शक) होता. त्याच्या '६-१८-६७' मध्ये बहुतेक नुसतं वाळवंटच आहे.

इतरत्र: भारतात सिनेमा जोरात चालला आणि नंतरही पुन्हा पुन्हा लागत राहिला, ओमर शरीफचा कोलोरॅडो आणि शेवटची कोसळणारी दरी यांसाठी लोक परत परत गेले. सोव्हिएत युनियनमध्ये १९७४ ला लागला तेव्हा सहा कोटींवर तिकिटं खपली, आणि तिथे ते गिधाडाचं गाणं रशियनमध्ये वालेरी ओबोद्झिन्स्कीने म्हटलंय.