केबल-बांधणी

केबल-बांधणी म्हणजे एकाच मार्गाने जाणाऱ्या तारा व केबली एकत्र घेऊन त्यांची जुडी ठरलेल्या जागी स्थिर राखण्याची पद्धत. जुडी सुटता कामा नये आणि तिच्यातल्या एकाही केबलच्या आवरणाला, तांब्याच्या तारांना किंवा काचतंतूला (ऑप्टिकल फायबरला) इजा होता कामा नये, या तिच्या दोन अटी. टेबलामागच्या चार वायरी, नेटवर्कचा रॅक, यंत्राचे कंट्रोल पॅनल, मोटारीचे वायरिंग, विमान, अंतराळयान अशा सगळीकडे ती लागते. साधने बदलतात, अटी त्याच राहतात.

टाय (एका टोकाच्या डोक्यातून दुसरे टोक ओढून आवळायचा बंध), पट्टी किंवा दोरा यांनी केबलींना जागेवर राखायचे असते. जुडीचे वजन पेलणे हे ट्रे, शिडी, ब्रॅकेट किंवा क्लॅम्प यांचे काम. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की बिघाड सुरू होतात. आधार अपुरा पडतो, जुडी लोंबू लागते आणि ती वर धरण्यासाठी टाय अधिकाधिक आवळला जातो. अशा वेळी आधार वाढवावा, टायला हात लावू नये.

आवळल्याने होणारे नुकसान

नेटवर्कच्या चार जोड्यांच्या केबलमध्ये प्रत्येक जोडीचा पीळ आणि तिच्या दोन तारांमधले अंतर यांवर केबलचा १०० ओहमचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अवरोध) टिकून असतो. टायखाली आवरण चेपले की तेवढ्या जागी अंतर कमी होते, इम्पिडन्स बदलतो आणि सिग्नलचा काही अंश तिथून मागे परततो. एखादी चेप क्वचितच जाणवते. मात्र सारख्या अंतरावर ओळीने चेपा पडल्या, तर ज्या फ्रिक्वेन्सीला दोन चेपांमधले अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके भरते तिथे सगळी परावर्तने एकमेकांत मिळून मोठी होतात. केबलमधला सिग्नलचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ७० टक्के धरला, तर दर ४५० मिमीवर चेपलेल्या केबलमध्ये हा दोष सुमारे २३३ मेगाहर्ट्झला दिसतो, म्हणजे कॅट-६ या दर्जाच्या नेटवर्क केबलच्या २५० मेगाहर्ट्झच्या मर्यादेत. दर ३०० मिमीवर चेपल्यास तो ३५० मेगाहर्ट्झला जातो आणि कॅट-६ए या वरच्या दर्जाच्या केबलला त्रास देतो, कारण तिची मर्यादा ५०० मेगाहर्ट्झ आहे. म्हणून डेटा केबलींचे बंध सैल ठेवतात आणि मुद्दाम थोड्या कमी-जास्त अंतरावर घेतात. फूटपट्टी लावून बांधल्यासारखा रॅक देखणा दिसतो, पण तिथे बंध आवळलेले असतील तर टेस्टरवर तोच नापास होतो. कॅट-६ए च्या केबली फार घट्ट व एकमेकींना अगदी समांतर बांधल्या की शेजारच्या केबलमधून येणारा क्रॉसटॉकही (परक्या सिग्नलची भेसळ) वाढतो.

कोअॅक्सियल केबलमध्ये मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात बहुधा फेसाळ प्लास्टिक असते. ते एकदा दबले की पूर्वीच्या आकारात परत येत नाही, त्यामुळे टाय कापून काढला तरी दोष राहतो. काचतंतूला सूक्ष्म वाक पडून प्रकाश बाहेर झिरपतो. वाकामुळे होणारी ही घट लांब तरंगलांबीला जास्त असते. लिंक १३१० नॅनोमीटरला ठीक आणि १५५० ला कमजोर दिसली, तर कुठेतरी घट्ट बंध किंवा तीव्र वाक आहे असे समजून आधी तेच शोधावे.

विजेच्या तारांचे नुकसान सावकाश होते, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. सततच्या दाबाखाली प्लास्टिक थोडे थोडे सरकत जाते. पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचे इन्सुलेशन उष्णतेला फार चांगले, पण या बाबतीत फार कच्चे असते: घट्ट टायखाली किंवा धातूच्या कडेवर टेकलेल्या ठिकाणी ते पातळ होत जाऊन अखेर आतली तार उघडी पडते. कंपन असलेल्या यंत्रात घट्ट टायची कडा करवतीसारखी आवरण घासते. फार सैल टायही असेच घासतो, त्यामुळे अशा ठिकाणी टाय आणि जुडी यांच्यामध्ये मऊ पट्टी गुंडाळावी.

ताण योग्य आहे का, हे हातानेच कळते. डेटा केबल किंवा काचतंतूच्या जुडीभोवतीचा बंध बोटांनी फिरवता आला पाहिजे. पॅनलमधल्या तारांवरचा बंध सहज सरकू नये, पण काढल्यावर इन्सुलेशनवर वळ दिसू नये.

साधने

नायलॉनचा केबल टाय १९५८ साली थॉमस अँड बेट्स या अमेरिकी कंपनीतील मॉरस लोगन यांनी विमानांच्या वायरिंगसाठी तयार केला. त्याआधी कारागीर मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक गाठ मारत, आणि त्यात वेळही जाई, बोटेही सोलत. आजचा बहुतेक टाय नायलॉन ६६ चा असतो. साधारण उणे ४० ते ८५ अंश सेल्सियस ही त्याची कामाची मर्यादा. पकड रुंदीनुसार ठरते: २.५ मिमीचा टाय सुमारे ८ किलो, ३.६ मिमीचा १८ किलो, ४.८ मिमीचा २२ किलो आणि ७.६ मिमीचा सुमारे ५४ किलो ताण सोसतो. रुंद टाय निवडण्याचे खरे कारण मात्र ताकद नव्हे. तोच ताण जास्त क्षेत्रावर पसरतो आणि केबल कमी चेपते.

नायलॉन हवेतला ओलावा शोषतो, साधारण दमटपणात वजनाच्या सुमारे अडीच टक्के. हा ओलावाच त्याला लवचीक ठेवतो. पाकीट उघडे राहून टाय कोरडे पडले की बांधतानाच तडकतात. म्हणून उरलेले टाय बंद पाकिटात ठेवावेत. पांढरा टाय उन्हात ठिसूळ होतो. बाहेरच्या कामाला सुमारे २ टक्के कार्बन ब्लॅक (काजळी) मिसळलेला, अतिनील किरणांना टिकणारा टायच लागतो. नुसता काळा रंग पुरत नाही, पाकिटावर तसा उल्लेख पाहावा. बॅटरीच्या आम्लाजवळ नायलॉन टिकत नाही, तिथे पॉलिप्रॉपिलीनचा टाय वापरतात. त्याची ताकद मात्र कमी असते. अति उष्णतेत व आगीतही जुडी खाली पडू नये अशा जागी स्टेनलेस स्टीलचा टाय घालतात. त्याची कडा धारदार असल्यामुळे प्लास्टिकचा लेप असलेला घ्यावा.

हूक-आणि-लूप पट्टी, म्हणजे बोलीतली वेल्क्रो, स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी शोधली. डेटा केबल आणि काचतंतू यांच्यासाठी हीच पहिली पसंती असावी. ती रुंद असते, आवरणात रुतत नाही, आणि नवी केबल घालायची झाल्यास उघडून परत लावता येते. तेल, धूळ आणि सततचे कंपन असलेल्या ठिकाणी तिची पकड हळूहळू जाते.

दोऱ्याची बांधणी जुनी असली तरी संपलेली नाही. नासाच्या वायरिंग-मानकात, नासा-एसटीडी-८७३९.४ मध्ये, ती आजही आहे. दोऱ्याला टायसारखे डोके नसते, त्यामुळे अरुंद जागेत काही अडत नाही आणि वजनही नगण्य भरते. सुटा बंध घालताना चपटी पॉलिएस्टर किंवा नायलॉनची फीत घेऊन आधी क्लोव्ह हिच ही दुहेरी वेढ्याची गाठ मारतात आणि तिच्यावर चौकोनी निरगाठ घट्ट बसवतात. लांब जुडीवर एकाच दोऱ्याने ओळीने बंध घेतात, त्याला मार्लिन गाठ वापरतात. तिच्यात दोरा स्वतःच्याच वेढ्याखालून जाऊन अडकतो, म्हणून एक बंध तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. खरी मार्लिन ओळखायची खूण अशी: जुडी बाजूने ओढून काढली तर दोऱ्यात गाठी उरतात. साध्या वेढ्यांचा दोरा मात्र सरळ होऊन हाती येतो.

पीव्हीसी टेपने जुडी बांधू नये. उष्णतेत तिचा चिकटा वितळतो, टोक सुटते आणि केबल काढताना हात व आवरण दोन्ही चिकट होतात. मोटारीच्या वायरिंगला यासाठी कापडी टेप असते. सर्पिल प्लास्टिक नळी आणि चिरलेली घडीदार नळी ही साधने घासण्यापासून वाचवतात, पण ती बंधांची जागा घेत नाहीत.

जुडीतील उष्णता

प्रवाह वाहणारी केबल तापते. एकटी असेल तर ती उष्णता हवेत जाते. जुडीच्या मध्यभागी असेल तर तिच्या चारही बाजूंना तापलेल्या केबलीच असतात. म्हणून आयईसी ६०३६४-५-५२ या आंतरराष्ट्रीय मानकात एकत्र जुडी केलेल्या सर्किटांसाठी प्रवाह कमी धरण्याचे गुणक दिले आहेत: दोन सर्किटांना ०.८०, तिनांना ०.७०, सहांना ०.५७, नवांना ०.५०. एकटी असताना ३२ अँपिअर वाहू शकणारी केबल नऊ सर्किटांच्या जुडीत १६ अँपिअरचीच उरते. बंध सैल ठेवून हा हिशेब टळत नाही. त्यासाठी जुडी लहान करावी किंवा केबली अंतर ठेवून ट्रेवर मांडाव्यात. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन केबलला जड उपकरण जोडणे याच कारणाने धोक्याचे असते. रीलवरची पूर्ण केबल आधी उलगडावी.

नेटवर्क केबलमधूनही वीज जाते. आयईईई ८०२.३बीटी या २०१८ च्या मानकाप्रमाणे एका केबलवर स्रोताकडून ९० वॉटपर्यंत शक्ती देता येते. अशा केबलींची जुडी २४ पर्यंतच ठेवण्याची शिफारस आहे. तापमान वाढले की सिग्नलची घटही वाढते, २० अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. त्यामुळे थंडीत चालणारी ९० मीटरची लाइन तापलेल्या छतात कमी पडू शकते.

बांधण्याची रीत

केबली आधी तपासाव्यात, दोन्ही टोकांना लेबले लावावीत, मगच बांधावे. बांधल्यानंतर सापडलेली चूक म्हणजे सगळे टाय कापणे. विजेच्या आणि डेटाच्या केबली वेगळ्या जुड्यांत घ्याव्यात. त्यांना एकमेकींना ओलांडावे लागले तर काटकोनात ओलांडू द्यावे.

जुडीचा व्यास आधी काढावा. एका केबलच्या व्यासाला केबलींच्या संख्येच्या वर्गमुळाने व १.२ ने गुणले की पुरेसा अंदाज येतो. ६ मिमीच्या २४ केबलींची जुडी सुमारे ३५ मिमी भरते. परीघ होतो ११० मिमी, त्यात डोके आणि ओढायला शेपूट धरता २०० मिमीचा टाय लागतो. दोन आखूड टाय जोडून एक करू नये, जोडाचे डोके केबलमध्ये रुतते.

केबली एकमेकींवरून न जाता समांतर याव्यात म्हणून कंगव्यासारख्या खाचांच्या साधनातून ओढून घेतात. एका टोकापासून सुरुवात करून आधी तात्पुरते वेल्क्रोचे बंध घालावेत, जुडी मार्गात बसवून पाहावी आणि मगच कायमचे बंध घालावेत. आडव्या मार्गात ३०० ते ४५० मिमीवर बंध पुरतो. उभ्या मार्गात अधिक जवळ लागतात आणि तिथे जुडी आधाराला बांधलेलीच असावी, नाहीतर सगळे वजन वरच्या कनेक्टरवर येते. फांदी फुटते तिथे तिच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन बंध घ्यावेत. वाकाच्या ऐन माथ्यावर बंध कधीच घेऊ नये, कारण तिथे बाहेरच्या केबली आधीच ताणलेल्या आणि आतल्या दबलेल्या असतात. तो वाकाच्या दोन्ही बाजूंना घ्यावा.

टायची डोकी हात लागणार नाही अशा बाजूला वळवावीत. शेपूट साध्या पक्कडीने तिरपी कापली तर उरलेले टोक ब्लेडसारखे होते आणि पुढे पॅनलमध्ये हात घालणाऱ्याचे मनगट चिरते. सपाट कापणारे कटर किंवा ठरलेल्या ताणावर ओढून आपोआप कापणारी टाय-गन वापरावी. पुष्कळ टाय घालायचे असतील तर गन घेणेच योग्य, कारण दमलेल्या हाताचा ताण प्रत्येक टायला वेगळा पडतो.

वाक आणि हालचाल

चार जोड्यांच्या साध्या डेटा केबलच्या वाकाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या निदान चौपट असावी. काचतंतूच्या केबलला बसवल्यावर दहापट, ओढताना वीसपट लागते. डेटा केबल ओढताना ११० न्यूटनपेक्षा जास्त जोर लावू नये. जुडी धातूच्या पत्र्यातील भोकातून जात असेल तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे) बसवावे.

पॅनलच्या दारावर जाणारी जुडी बिजागरीच्या दिशेने लांब ठेवून दोन्ही बाजूंना बांधतात. मग दार उघडताना तिला वाक न पडता नुसता पीळ पडतो, आणि पीळ ती जास्त काळ सोसते. यंत्राच्या केबली वाहणाऱ्या सरकत्या साखळीत केबली एकमेकींना मुळीच बांधायच्या नसतात. त्यांना आत मोकळे सरकू द्यावे, पकड फक्त साखळीच्या दोन टोकांना द्यावी.

एकेरी गाभ्याच्या वीज केबली

मोठ्या प्रवाहाच्या एकेरी गाभ्याच्या केबली त्रिकोणी रचनेत, तीनही फेज एकत्र बांधतात. एकाच फेजभोवती लोखंडी बंद कडे घालू नये. त्यात प्रेरित प्रवाह वाहून ते तापते. शॉर्टसर्किटच्या क्षणी केबली एकमेकींना जोराने ढकलतात, आणि हे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० किलोअँपिअरचा शिखर-प्रवाह आणि ४० मिमीचे अंतर असेल तर त्रिकोणी रचनेत दर मीटरला सुमारे १०,६०० न्यूटन, म्हणजे एका टनाच्या वजनाहून अधिक बल येते. नायलॉनचा टाय यापुढे टिकत नाही. इथे आयईसी ६१९१४ प्रमाणे तपासलेले केबल क्लीट (केबलींना आधाराशी धरणारे मजबूत क्लॅम्प) लागतात आणि त्यांचे अंतर याच बलावरून काढतात.

बंध काढणे

टाय सुरीने कापू नये. सपाट कटरचे एक पाते टाय आणि जुडी यांच्यामध्ये न घालता डोक्याच्या बाजूला लावून डोकेच कापावे. तिथे पट्टी जुडीपासून थोडी उचललेली असते. अगदी रुतलेल्या टायचे डोके पक्कडीने पिळून तोडता येते. कापलेले तुकडे लगेच वेचून घ्यावेत, कारण ते पंख्यात किंवा दाराच्या फटीत अडकतात, आणि स्टीलच्या टायचा तुकडा टर्मिनलवर पडला तर थेट शॉर्टसर्किट होते.