डबल ट्रॉली : वजनाची विभागणी आणि ताबा

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून माल ओढायची पद्धत. साखराळे, कुंडल, रेठरे बुद्रुक, शेंद्रे अशा साखर कारखान्यांच्या वाटेवर ज्यांचं गाव आहे त्यांना ती हंगामभर दिसते, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही.

उगम नेमका कुठून धरायचा यावर एकमत नाही. काहीजण फ्रेंच लष्करी इंजिनियर शार्ल रेनारकडे बोट दाखवतात, ज्याने १९०३ च्या सुमारास पॅरिसमध्ये रस्त्यावरची आगगाडी दाखवली (१८८४ साली 'ला फ्रान्स' हे एअरशिप (वायूने फुगवलेलं, इंजिनवर चालणारं हवाईवाहन) उडवणाऱ्या जोडीतला हाच). पण रेनारच्या गाडीत इंजिनची ताकद शाफ्टमधून प्रत्येक डब्याच्या चाकांपर्यंत जायची आणि मागचा डबा पुढच्याच्याच चाकोरीतून वळायचा, आपल्या ट्रॉल्यांत यातलं काहीच नाही, त्या नुसत्या ओढल्या जातात. त्या हिशोबाने १९व्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये वाफेच्या इंजिनामागे वॅगनची रांग लावायचे ते जास्त जवळचे पूर्वज वाटतात. आपल्याकडे बैलगाडी आणि ट्रकच्या जोडीला ट्रॅक्टर आला तो सहकारी कारखाने वाढले त्यानंतर, एवढं ढोबळमानाने म्हणता येतं.

वजनाचा मूळ नियम जगभर एकच आहे, जड ट्रॉली ट्रॅक्टरला लागून आणि हलकी शेवटी. कारण ट्रॅक्टरवाल्याने अचानक स्टेअरिंग मारलं की तो झटका मागे जाताना वाढतो आणि शेवटची ट्रॉली चाबकाच्या टोकासारखी फेकली जाते, परदेशात दोन ट्रेलरच्या ट्रकवर झालेल्या चाचण्यांत ही वाढ दुपटीच्या आसपास भरलेली आहे. मात्र त्या चाचण्या हायवेच्या वेगातल्या, आणि ताशी वीस-पंचवीसने चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरला त्या जशाच्या तशा लावणं तितकं बरोबर नाही. इथे खरा धोका उताराला. ५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा, मागे पंधरा-वीस टन ऊस, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणजे सगळं वजन हूकवर येऊन ट्रॅक्टरला ढकलतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. गिअर उतार लागायच्या आधीच खालचा टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे असतात, त्यांना काय म्हणायचं!

ब्रेकचीच एक बारीक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या मागच्या चाकांचे ब्रेक पायडल वेगवेगळे असतात, रानात जागच्या जागी वळायला सोयीचे. फडातून डांबरीवर आलं की ते दोन्ही पट्टीने जोडायचे असतात, ते राहिलं आणि गडबडीत एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि मागचा भार त्याला तसाच पुढे रेटतो.

चढाला प्रकार उलटा होतो. ओढ जितक्या उंचावरून लागेल तितका पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, म्हणून हूक खालीच हवा, मागच्या एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वर साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर उभा राहून मागे पालथा पडू शकतो. पुढे बंपरला लोखंडी वजनं लावतात ती यासाठीच. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने पकड वाढते, पुढचं उचलणं त्याने थांबत नाही, या दोन गोष्टींची कायम गल्लत होते.

दोन चाकी ट्रॉलीत मोळ्या मागे जास्त रचल्या तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडून फिरायला लागतात, जरा पुढे झुकतं भरलेलं बरं. चार चाकीत हा त्रास नाही, पण तिची पुढची चाकं टर्नटेबलवर (फिरत्या चकतीवर) असल्याने ओढायची दांडी पार काटकोनात वळली की आधार अरुंद होतो आणि बांध ओलांडताना उंच रचलेली ट्रॉली कलंडते.

दोन ट्रॉल्या जोडून रिव्हर्स घेणं जवळपास अशक्यच. म्हणून एकेक ट्रॉली फडातून काढून रस्त्याकडेला आणतात आणि तिथे जोडतात. तोवर अंधारात बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली उभी असते, त्यावर दर हंगामात ओरड होते.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.