वेब सर्व्हर व ॲप्लिकेशन सर्व्हर यांमधील कूटबद्ध जोडणी

ब्राउझरकडून आलेली विनंती दर्शनी वेब सर्व्हर स्वीकारतो आणि ती प्रत्यक्ष काम करणाऱ्या ॲप्लिकेशन सर्व्हरकडे सोपवतो. या दोन सर्व्हरमधली वाहतूक टीएलएस या प्रोटोकॉलने कूटबद्ध करणे आणि पलीकडचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची प्रमाणपत्रावरून (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या, सही केलेल्या डिजिटल फाइलवरून) खात्री करून घेणे, या दोन्ही गोष्टी मिळून ही जोडणी तयार होते. दर्शनी बाजूस एनजिनएक्स, अपाची एचटीटीपी सर्व्हर किंवा एचएप्रॉक्सी आणि मागे टॉमकॅटसारखा जावा सर्व्हर, ही मांडणी सर्वत्र आढळते. दर्शनी सर्व्हरच्या या भूमिकेला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात.

ब्राउझरच्या पट्टीतले कुलूप फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलते. दर्शनी सर्व्हरवर टीएलएस संपते, मजकूर तेथे उलगडला जातो आणि पुढचा प्रवास साध्या एचटीटीपीने होत असेल, तर वापरकर्त्याला त्याचा पत्ता लागण्याचा कोणताही मार्ग नसतो. अंतर्गत नेटवर्कवरच्या एखाद्या यंत्रावर टीसीपीडम्प हे नेटवर्कवरची वाहतूक पकडून दाखवणारे साधन लावून ८०८० या पोर्टवरची (सर्व्हरच्या क्रमांकित दारावरची) माहितीची पाकिटे पाहिली, तर लॉगिनच्या विनंतीत वापरकर्तानाव, त्यापुढे पासवर्ड आणि उत्तरातली सत्राची कुकी सरळ वाचता येते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ‘आतले नेटवर्क आपलेच आहे’ हा युक्तिवाद फार टिकत नाही, कारण त्याच नेटवर्कवर बॅकअपची यंत्रे, देखरेखीची साधने, कंत्राटदारांचे संगणक आणि क्लाउडमध्ये तर दुसऱ्याच्या मालकीचे स्विच असतात.

या युक्तिवादाला जाहीर धक्का २०१३ मध्ये बसला. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला वॉशिंग्टन पोस्टने एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे ‘मस्क्युलर’ या पाळत-कार्यक्रमाची बातमी दिली. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या गुप्तहेर संस्था गूगल व याहू यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या वाहिन्यांवरून माहिती उचलत होत्या. त्यातल्या एका हाताने काढलेल्या आकृतीत सार्वजनिक इंटरनेट आणि गूगलचे अंतर्गत जाळे यांच्या मधोमध दर्शनी सर्व्हर दाखवून, एसएसएल (टीएलएसचा पूर्वावतार) येथे चढवले व उतरवले जाते, अशी नोंद केली होती. ती बाब डेटा सेंटरांमधल्या दुव्यांची होती, एका खोलीतल्या दोन सर्व्हरांची नव्हे. तरीही कूटबद्धता दारातच उतरवून ठेवण्याच्या रिवाजाचा धोका त्या एका चित्राइतका स्पष्ट क्वचितच कोणी दाखवला असेल. याहूने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या डेटा सेंटरांमधली वाहतूक कूटबद्ध करण्याचे जाहीर केले.

दोन्ही सर्व्हर एकाच यंत्रावर असतील आणि त्यांचा संवाद लूपबॅक पत्त्यावरून किंवा युनिक्स सॉकेटमधून, म्हणजे यंत्राच्या आतल्या आतच, होत असेल, तर पाकिटे तारेवर येतच नाहीत. तेथे टीएलएसने फारसे काही साधत नाही. यंत्रे वेगळी असली की प्रश्न उभा राहतो. टॉमकॅटशी बोलण्यासाठी दीर्घकाळ वापरात असलेला एजेपी हा द्विमान प्रोटोकॉल येथे विशेष सांभाळावा लागतो, कारण त्यात कूटबद्धतेची सोयच नाही आणि मागचा सर्व्हर समोरून आलेल्या माहितीवर जवळजवळ डोळे झाकून विश्वास ठेवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाने उघड झालेल्या दोषात ८००९ हे एजेपी पोर्ट ज्याला गाठता येईल त्याला ॲप्लिकेशनमधल्या फायली वाचता येत होत्या. टॉमकॅटच्या ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. एजेपी मुळात बंद ठेवून, चालू केल्यास गुप्त शब्द बंधनकारक करण्यात आला. नव्या मांडणीत एजेपी सोडून एचटीटीपीएस वापरणे हाच सरळ मार्ग होय. एजेपी ठेवणे भागच असेल, तर ते एसटनेल, एसएसएच किंवा वायरगार्ड या साधनांनी उभारलेल्या कूटबद्ध बोगद्यातून न्यावे लागते.

उभारणीचे खरे काम प्रमाणपत्रांपासून सुरू होते. अंतर्गत सर्व्हरांची नावे सार्वजनिक डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत) नसतात, म्हणून त्यांच्यासाठी संस्थेने स्वतःचे खासगी प्रमाणन प्राधिकरण, म्हणजे प्रमाणपत्रांवर सही करणारी यंत्रणा, चालवणे सोयीचे ठरते. या प्राधिकरणाची खासगी किल्ली दोन्ही सर्व्हरांपासून दूर, शक्यतो नेटवर्कबाहेर ठेवतात. ॲप्लिकेशन सर्व्हरसाठी किल्ल्यांची जोडी (एक खासगी, एक सार्वजनिक) तयार करून तिच्या प्रमाणपत्रात त्या सर्व्हरचे अंतर्गत नाव ‘पर्यायी नावां’च्या रकान्यात घालावे लागते, केवळ ‘सामान्य नाव’ या जुन्या रकान्यावर विसंबू नये. जावाच्या बाजूस किल्ली आणि प्रमाणपत्रांची साखळी पीकेसीएस-१२ स्वरूपाच्या कीस्टोअरमध्ये, म्हणजे किल्ल्या ठेवण्याच्या फाइलमध्ये, भरतात (जावा ९ पासून हेच मूळ स्वरूप आहे). त्यानंतर टॉमकॅटच्या सर्व्हर-एक्सएमएल फाइलमधल्या कनेक्टरला (जोडण्या स्वीकारणाऱ्या भागाला), रूढीने ८४४३ या पोर्टवर, त्या कीस्टोअरचा मार्ग दिला जातो. १.० आणि १.१ या टीएलएस आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आल्या. दोन्ही टोके आपल्याच हाती असल्याने जुन्या ब्राउझरांची गय करण्याचे येथे कारण नाही, १.२ आणि २०१८ ची १.३ एवढ्याच आवृत्त्या चालू ठेवाव्यात.

यापुढची पायरी सर्वांत जास्त वेळा अर्धवट राहते. एनजिनएक्समध्ये मागच्या सर्व्हरचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू केला की वाहतूक लगेच कूटबद्ध होते, पाने दिसू लागतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात समोरचे प्रमाणपत्र तपासण्याची ‘प्रॉक्सी एसएसएल व्हेरिफाय’ ही सेटिंग मूळ स्थितीत बंद असते. म्हणजे मध्ये कोणी दुसरे यंत्र उभे करून स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र पुढे केले, तरी एनजिनएक्स त्याच्याशी तितक्याच इमानाने कूटबद्ध बोलेल. अपाचीतही प्रॉक्सीसाठीची पडताळणी सांगितल्याशिवाय होत नाही. तेथे प्रमाणपत्रावरचे नाव आणि मुदत तपासली जाते, पण ते कोणी दिले हे विचारले जात नाही. एचएप्रॉक्सीने मात्र पडताळणी हीच मूळ स्थिती मानली आहे आणि ती टाळायची असेल तर तसे लिहून सांगावे लागते. या लेखकाच्या मते हीच रीत योग्य आहे. अनोळखी माणसाच्या हाती सीलबंद पाकीट देण्यात सुरक्षितता नसते; पाकीट कोणाच्या हाती पडले हे कळणे आधी गरजेचे असते.

पडताळणी चालू करून खासगी प्राधिकरणाचे मूळ प्रमाणपत्र एनजिनएक्सला दिले की पहिल्याच विनंतीला बहुधा ५०२ हा, मागच्या सर्व्हरशी नीट जोडणी न झाल्याचा, त्रुटिक्रमांक दिसतो. त्रुटींच्या नोंदवहीत ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ असे लिहिलेले असेल, तर मूळ प्राधिकरण आणि सर्व्हर यांना जोडणारे मधले प्रमाणपत्र साखळीत घालायचे राहून गेले आहे किंवा एनजिनएक्सला भलत्याच प्राधिकरणाची फाइल दिली गेली आहे, असे समजावे. दुसरी अडचण नावाची असते. अनेक सर्व्हरांचा गट करून त्याला ‘बॅकएंड’ असे नाव दिले असेल, तर एनजिनएक्स प्रमाणपत्रात ‘बॅकएंड’ हेच नाव शोधतो आणि ते अर्थातच सापडत नाही. तेव्हा तपासायचे नाव ‘प्रॉक्सी एसएसएल नेम’ने वेगळे सांगावे लागते. शिवाय हँडशेकच्या, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या ओळख-देवाणघेवाणीच्या, वेळी ते नाव समोरच्याला कळवण्याची सोयही मुळात बंद असते. एका पत्त्यावर अनेक प्रमाणपत्रे असतील तर तीही चालू करावी लागते. याच ठिकाणी वैतागून पडताळणी पुन्हा बंद करण्याचा मोह होतो, आणि ‘तात्पुरती’ बंद केलेली पडताळणी पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आतापर्यंतची ओळख एकतर्फी आहे: वेब सर्व्हरला ॲप्लिकेशन सर्व्हर पटला, पण उलट दिशेने काही सिद्ध झालेले नाही. ॲप्लिकेशन मूळ वापरकर्त्याचा आयपी पत्ता, मूळ जोडणी एचटीटीपीएस होती की नाही आणि काही मांडण्यांत तर लॉगिन झालेल्या व्यक्तीचे नावसुद्धा प्रॉक्सीने जोडलेल्या हेडरांतून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींतून) उचलते. ज्या कोणाला अंतर्गत नेटवर्कवरून थेट ८४४३ गाठता येते, त्याला हेच हेडर स्वतः लिहून कोणाचेही रूप घेता येते. यावर उपाय म्हणजे परस्पर टीएलएस. त्यात एनजिनएक्सलाही स्वतःचे प्रमाणपत्र व किल्ली दिली जाते आणि टॉमकॅटमध्ये ग्राहकाच्या प्रमाणपत्राची पडताळणी ‘रिक्वायर्ड’ (बंधनकारक) केली जाते. टॉमकॅटच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू प्राधिकरणांच्या यादीत) केवळ खासगी प्राधिकरण असावे. सार्वजनिक प्राधिकरणांचा पूर्ण साठा तेथे ठेवला, तर बाहेरून मिळवलेले कोणतेही वैध प्रमाणपत्र चालून जाण्याची शक्यता राहते. टॉमकॅटचा रिमोट आयपी व्हॉल्व्ह (हेडरांतून मूळ आयपी पत्ता उचलणारा भाग) वापरताना विश्वासू प्रॉक्सींचे पत्ते नेमके लिहावेत आणि बाहेरून आलेले तेच हेडर दर्शनी सर्व्हरने पुसून नव्याने लिहावेत.

कूटबद्धता महाग पडते हा आक्षेप आता जुना झाला आहे. जानेवारी २०१० मध्ये जीमेल पूर्णपणे एचटीटीपीएसवर आल्यानंतर गूगलच्या ॲडम लँगली यांनी दर्शनी यंत्रांवरच्या प्रोसेसरचा १ टक्क्याहून कमी भार एसएसएलमुळे येतो असे नोंदवले होते. त्यानंतर प्रोसेसरांत एईएस या कूटबद्धतेच्या पद्धतीसाठी खास सूचना सर्वत्र आल्या. खर्च होतो तो हँडशेकवर, म्हणून प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडण्याऐवजी मोजक्या जोडण्या उघड्या ठेवून त्याच पुन्हा वापराव्यात. एनजिनएक्सच्या जुन्या आवृत्त्या मागच्या सर्व्हरशी एचटीटीपी १.० ने बोलत असल्याने त्यांत १.१ वापरण्यास सांगून ‘कीपअलाइव्ह’ (जोडणी उघडी ठेवण्याची सोय) मुद्दाम चालू करावे लागते. टीएलएस १.२ च्या पूर्ण हँडशेकला संदेशांच्या ये-जा अशा दोन फेऱ्या लागतात, तर १.३ ला एकच.

प्रमाणपत्राची मुदत ही या व्यवस्थेतली सर्वांत घरगुती अडचण होय. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवून १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय सीए/ब्राउझर फोरमने (प्रमाणन प्राधिकरणे व ब्राउझर-निर्माते यांच्या संघटनेने) एप्रिल २०२५ मध्ये घेतला. खासगी प्राधिकरणाला हे बंधन लागू नाही, आणि त्यामुळेच तेथे दहा वर्षांचे प्रमाणपत्र काढून ते विसरून जाण्याची सवय लागते. ते संपते त्या दिवशी बाहेरचे कुलूप शाबूत असते आणि मागचे प्रत्येक पान ५०२ देते. नूतनीकरण स्वयंचलित ठेवून, बाहेरच्या प्रमाणपत्राइतकीच आतल्या प्रमाणपत्राच्या मुदतीवरही देखरेख लावावी.

जोडणी पूर्ण झाल्यावर ओपनएसएसएलच्या ‘एस-क्लायंट’ या चाचणीच्या आज्ञेने ८४४३ ला जोडून पाहतात. खासगी प्राधिकरणाची फाइल दिल्यास पडताळणीचा निकाल ० यायला हवा. परस्पर टीएलएस असेल तर आपले प्रमाणपत्र न देता केलेली विनंती नाकारली गेली पाहिजे. एवढ्यावर न थांबता चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम दुसऱ्याच प्राधिकरणाचे प्रमाणपत्र बसवून वेब सर्व्हरमार्फत पान मागवावे. पान दिसले तर पडताळणी कोठेतरी बंद आहे. ५०२ आला आणि नोंदवहीत पडताळणीची त्रुटी उमटली, तर ती चालू आहे.