दहा नावांचा कागद

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका घरी गेल्या महिन्यात जमलेल्या मंडळींनी आपल्यातल्या ज्येष्ठ चित्रपट समीक्षकांना त्यांचे आजवरचे सर्वांत आवडते दहा चित्रपट विचारले. त्यांनी वहीचे पान पुढे ओढून आठ नावे भराभर लिहिली, नववे दोनदा खोडले आणि मान वर करून विचारले, की दहाच का?

ही दहाची रीत बरीचशी ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने रुळवली. १९५२ मध्ये त्याने समीक्षकांकडून दहा-दहा नावे मागवली. ६३ जणांची उत्तरे आली आणि २५ मतांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला ठरला. चित्रपट १९४८ चा, म्हणजे ‘सर्वकालीन’ हा शब्द तेव्हा अवघ्या चार वर्षांच्या कृतीला लावला गेला. योगायोग असा, की १९५२ च्याच जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही तो दाखवला गेला होता.

पुढे दर दहा वर्षांनी कौल घेतला जाऊ लागला. १९४१ च्या ‘सिटिझन केन’ला १९५२ च्या पहिल्या दहांत जागा नव्हती, १९६२ पासून २००२ पर्यंत मात्र तोच अग्रस्थानी राहिला. मधल्या काळात चित्रपट बदलला नव्हता, तो पाहू शकणारे बदलले होते. अशा याद्या अभिरुचीइतक्याच उपलब्धतेच्याही असतात, असे मला वाटते.

आपल्याकडे ही उपलब्धता चित्रपट मंडळांनी घडवली. कलकत्त्याची फिल्म सोसायटी १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी स्थापली, १९५९ मध्ये अशा मंडळांचा महासंघ झाला आणि १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. गावोगावच्या रसिकांना परदेशी चित्रपट दिसले ते बहुधा अशाच मंडळांच्या पडद्यावर, आणि एकदा हुकलेला खेळ पुन्हा कधी मिळेल याचा नेम नसे. आमच्या समीक्षकांनी लिहिलेल्या आठ नावांपैकी पाच त्यांनी अशीच, एकेकदाच पाहिलेली आहेत. ती त्यांना आज पुन्हा तपासून पाहायची नाहीत, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

मतदार वाढले तशी शिखरेही हलली. २०१२ मध्ये ८४६ जणांच्या कौलात ‘व्हर्टिगो’ने ‘केन’ला खाली ओढले आणि २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक जणांनी शांताल आकरमान यांच्या १९७५ च्या ‘जान डिलमान’ला पहिले स्थान दिले, स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट तेथे प्रथमच पोहोचला. ‘पाथेर पांचाली’ त्या यादीत पस्तिसावा होता.

बडोद्यात बसून अशी यादी करताना दादासाहेब फाळके आठवणे अपरिहार्य आहे, कारण १८९० च्या सुमारास ते इथल्याच कलाभवनात शिकत होते. १९१३ च्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज हाती आहेत, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. नवव्या ओळीवर दोनदा लिहून खोडलेले नाव हेच होते. पूर्ण न पाहिलेला चित्रपट आवडता कसा म्हणू, असे म्हणत समीक्षकांनी तेथे १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ लिहिला आणि दहावी ओळ कोरीच ठेवून वही मिटली.