चक्री करवतीचे पाते, लॅमिनेट बोर्डासाठी

लॅमिनेट लावलेले प्लायवुड, पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ टेबल सॉवर (मेजाच्या फटीतून पाते वर येणाऱ्या करवतीवर) टवके न उडता कापण्याचे पाते. पोलादी चकतीच्या परिघावर टंगस्टन कार्बाइडचे दाते झाळून बसवलेले असतात. बाजारात त्याला ‘टीसीटी (टंगस्टन कार्बाइड टिप्ड) ब्लेड’ म्हणतात.

चक्री करवतीचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ च्या पेटंटचा दाखला नेहमी दिला जातो. मात्र त्यात गोल करवतीचा उल्लेख ओझरता, जणू ती आधीच प्रचलित असावी, असा येतो. मॅसॅच्युसेट्समधील शेकर या ख्रिस्ती पंथाच्या टॅबिथा बॅबिट यांनी ती १८१३ च्या सुमारास शोधली, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला समकालीन आधार कमकुवत आहे. शोध एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे लागला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कार्बाइडचा इतिहास त्यामानाने स्पष्ट आहे : कार्ल श्र्योटर यांचे जर्मन पेटंट १९२३ चे असून क्रुप कंपनीने ‘विडिया’ या नावाने तो पदार्थ त्याच दशकात बाजारात आणला.

लॅमिनेटवरील मेलामाइन राळेचा थर कठीण व ठिसूळ असतो. टेबल सॉवर दाता वरून शिरून खालून बाहेर पडतो, म्हणून टवके मुख्यतः खालच्या पृष्ठावर उडतात. दर्शनी बाजू वर ठेवण्याचे कारण हेच. निवड करताना निव्वळ दात्यांची संख्या पाहिली जाते, ते अपुरे आहे. २५४ मिमी. पात्याला सामान्यतः ८० दाते घेतात. पण दात्याचा आकार व कोन तितकाच निर्णायक असतो. टीसीजी (ट्रिपल चिप ग्राइंड) प्रकारात कोपरे छाटलेला, किंचित उंच दाता आणि सपाट दाता आलटून पालटून येतात. धार दीर्घकाळ टिकते. उंच एटीबी (ऑल्टरनेट टॉप बेव्हल) प्रकारात दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे तीव्र उतरते असतात. काप अधिक स्वच्छ येतो, पण टोके लवकर बोथट होतात. दात्याच्या पुढच्या बाजूचा कलता कोन शून्याजवळ किंवा किंचित ऋण असावा.

दोन्ही बाजूंना लॅमिनेट असल्यास पॅनेल सॉमध्ये (मोठे बोर्ड कापण्याच्या यंत्रात) मुख्य पात्यापुढे, उलट दिशेने फिरणारे छोटे स्कोअरिंग पाते खालच्या थरात १ ते २ मिमी. खोल खाच पाडते. अशा यंत्रावर टीसीजी पुरते. ही सोय नसलेल्या लहान कार्यशाळेत उंच एटीबी, पात्याला घट्ट भिडणारी टेबलपट्टी (मेजाच्या फटीभोवतीची पट्टी) आणि बोर्डाच्या वर जेमतेम डोकावणारे पाते, हा मेळ श्रेयस्कर ठरतो.

कार्बाइडला धार हिऱ्याच्या चाकावर लावतात. दात्यांवर साचलेली राळ त्याआधी काढून टाकावी लागते.