ल्युबेकचे दोन दरवाजे: होल्स्टेनटोर आणि बुर्गटोर

उत्तर जर्मनीतील ल्युबेक शहराचे मध्ययुगीन दरवाजे आज दोनच उरले आहेत. दोन्ही विटांचे, दोन्ही पंधराव्या शतकातले, त्यामुळे एकाची हकिगत दुसऱ्याच्या नावावर सहज खपते. पश्चिमेचे होल्स्टेनटोर होल्स्टाइन प्रांताकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, तर उत्तरेच्या बुर्गटोरला तिथल्या जुन्या गढीवरून नाव मिळाले. शंकूसारख्या छपरांचे दोन जाडजूड गोल बुरूज दिसले तर ते होल्स्टेनटोर. चौकोनी एकच मनोरा आणि वर घंटेच्या आकाराचे छप्पर दिसले तर ते बुर्गटोर.

प्रसिद्धी होल्स्टेनटोरच्या वाट्याला आली असली तरी वयाने बुर्गटोर थोरले आहे. निकोलाउस पेक याने 1444 मध्ये त्याला आजचे रूप दिले. छप्पर मात्र 1685 चे. होल्स्टेनटोर हिनरिख हेल्मस्टेडे याने 1464 ते 1478 या काळात बांधले. त्याच्या शहराकडील अंगावर 1477 हे साल कोरलेले दिसते, पण तो लेख 1871 मधला आहे आणि बांधकामाचे साल त्यात एका वर्षाने चुकले आहे.

होल्स्टेनटोरच्या भिंती दोन वृत्तींच्या आहेत. शत्रू येईल त्या बाजूला त्या साडेतीन मीटर जाड आहेत आणि त्यांत लहान झरोके आहेत. शहराकडे त्या एक मीटरहूनही कमी जाडीच्या असून तिथे खिडक्यांच्या रांगा आहेत. खालची जमीन दलदलीची असल्यामुळे बांधकाम चालू असतानाच इमारत खचू लागली. दक्षिणेचा बुरूज कलला, आणि सर्वांत खालचे झरोके आज जमिनीच्या अर्धा मीटर खाली गेले आहेत. हे खचणे थांबले ते 1933-34 च्या दुरुस्तीनंतर. मुळात या वाटेवर एकामागे एक असे चार दरवाजे होते. त्यांतला बाहेरचा नक्षीदार दरवाजा रेल्वेसाठी 1853 मध्ये पाडला गेला. आजचा दरवाजाही गेलाच असता, पण 1863 मध्ये नगरसभेत केवळ एका मताच्या बहुमताने त्याची डागडुजी करण्याचे ठरले.

बुर्गटोरची कामगिरी जागेमुळे ठरली. शहराला पाण्याचा वेढा होता आणि कोरड्या जमिनीवरून आत येण्याची वाट उत्तरेच्या अरुंद पट्टीवरूनच होती. म्हणूनच 6 नोव्हेंबर 1806 रोजी, सेनापती ब्ल्युशरच्या प्रशियन सैन्याचा पाठलाग करत आलेले फ्रेंच याच दरवाजातून शहरात घुसले. उत्तरेची ती पट्टी पुढे 1900 मध्ये सुरू झालेल्या एल्ब-ल्युबेक कालव्याने कापली. होल्स्टेनटोर पुढे पन्नास मार्कच्या नोटेवर झळकले आणि आत वस्तुसंग्रहालय झाले, पण रस्त्यावरील वाहने त्याला वळसा घालून जातात. बुर्गटोरखालून मात्र ती आजही ये-जा करतात.